चार नावाडिणी आणि एक झगा

एकाच भूमिकेत चार नट्या उभ्या राहिल्या, तर त्यांतली सगळ्यांत चांगली कोण हे ठरवायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला? तिकिटाने? तिकिटाने खुर्ची मिळते. मत बनवायला कान लागतात, आणि ते दारावर फाडून देत नाहीत.

रागावू नका. तुमच्यापेक्षा मोठमोठी माणसं या बाबतीत तोंडावर आपटलीत, तेही छापून. त्यांचीच गोष्ट सांगते. पण ती ज्या बाईमुळे मला कळली तिच्यापासून सुरुवात करावी लागेल, कारण अठ्ठावीस वर्षांत तिचं नाव नाटकाच्या एकाही जाहिरातीत आलेलं नाही.

नाट्यगृहात तिला सगळे टाचणीमावशी म्हणतात. काम करताना तिच्या ओठांत सहा-सात टाचण्या असतात. त्यामुळे ती दातांतल्या दातांत बोलते आणि नवख्या माणसाला वाटतं, बाई कायम चिडलेली आहे. जुन्या माणसांना माहीत आहे की ती खरोखरच चिडलेली असते, टाचण्यांचा काही संबंध नाही.

एकोणिसाव्या वर्षी ती काज-बटणं करायला म्हणून कपडेपटात आली आणि तिथलीच झाली. कपडेपट म्हणजे रंगमंचाखालची एक लांबट खोली. एकच खिडकी, तीही रस्त्याच्या पातळीला, त्यामुळे बाहेरून जाणाऱ्यांचे फक्त पाय दिसतात. मावशी बुटांवरून सांगते कोण कामावर उशिरा आलं आणि कोण न सांगता लवकर निघालं. तिचं लग्नसुद्धा असंच जमलं. रंगमंचाच्या सुताराचे बूट रोज खिडकीपाशी येऊन जरा जास्तच वेळ थांबायचे.

आता नाटकाचं. एक बाई नदीवर नाव चालवते, सगळ्या गावाला पलीकडे पोचवते, आणि तिसऱ्या अंकात एकटी नावेत बसून नऊ मिनिटं गाते. आधीच्या दोन अंकांत प्रेक्षक त्या नऊ मिनिटांची वाट बघतात आणि खोकतात. अठ्ठावीस वर्षांत ही नावाडीण चार जणींनी केली. नाव तीच, सुतारबुवांनी बांधलेली, खाली चाकं आणि दोरी. झगाही तोच, जाड सुताचा, गडद निळा, पायघोळ, पाठीवर शिवणी. चौघींची मापं चार, झगा एक. तो प्रत्येकीला बसवायचा, हे मावशीचं काम.

आणि त्यात तिचा एक नियम. कात्री नाही. शिवणीच्या आत चार बोटं जादा कापड सोडायचं, ज्याला शिवणकामात माया म्हणतात, आणि ते कधीही कापायचं नाही. बारीक बाई आली की आत घ्यायचं, भरलेली आली की सोडायचं. जुनी शिवण उसवली की त्याच रेघेवर रंगीत धावदोरा घालून ठेवायचा, न जाणो ती बाई परत आली तर माप शोधायला नको. पहिलीचा लाल, दुसरीचा निळा, तिसरीचा पांढरा, चौथीचा हिरवा.

आता मावशीच्या तोंडून चौघी ऐका. टाचण्या काढून बोलली ती एकदा.

"पहिली पोटातून गायची. तिसऱ्या अंकात तिने श्वास घेतला की डाव्या खांद्याखालची शिवण जायचीच. दर आठवड्याला मी तिथे बसलेली. पण वल्हं असं धरायची, जशी अंगण झाडतेय. दुसरी गळ्यातून गायची. पाठ शाबूत, पण गळ्याचा हूक तुटायचा. एक सूर धरून ठेवायची, टाळ्या येईपर्यंत सोडायची नाही. उधारी वसूल करायला आल्यासारखी उभी राहायची. आत्ताची चौथी, दोन लेकरांची आई, दुसऱ्या अंकात हटकून वाक्य विसरते, पण नावेत बसली की वाटतं ही इथेच जन्मली. ती पण शिवण फाडते."

"आणि तिसरी?"

मावशीने टाचण्या परत तोंडात घातल्या. मी समजायचं ते समजले.

तिसरी म्हणजे जिचे फोटो तुम्ही पाहिलेत ती. अकरा वर्षं केलं तिने काम. दिसायला नजर ठरणार नाही अशी, आणि वल्हवायची तर बघत राहावं, पाण्याशिवाय पाणी दिसायचं. हे मावशीही कबूल करते. पण तिसऱ्याच प्रयोगात, त्या नऊ मिनिटांतल्या चौथ्या मिनिटाला तिचा आवाज गेला. मॅनेजरने तिला हाकललं नाही, कारण पुढच्या दोन महिन्यांची तिकिटं तिच्या फोटोवर विकली गेली होती. त्याने कपाटातून एक टेप काढली. पहिलीने नाटक सोडण्याआधी तिच्याकडून ते गाणं संग्रहासाठी म्हणून रेकॉर्ड करून घेतलं होतं. पुढे अकरा वर्षं तिसऱ्या अंकात तिसरी वल्हवायची, ओठ हलवायची, आणि नावेखालच्या स्पीकरमधून पहिली गायची.

हे कोणाकोणाला माहीत होतं? मॅनेजरला, वाद्यवाल्यांना, नावेखाली दोरी ओढणाऱ्या सुतारबुवांना आणि जिच्या हातात दर आठवड्याला न उसवलेली शिवण यायची त्या मावशीला. तिसरीने एकदा कपडेपटात बसून रडत सांगितलंही होतं, मावशी, कोणाला बोलू नका. मावशी बोलली नाही. पडद्यामागे गुपितं टिकतात, कारण पडद्यामागच्यांना कोणी काही विचारतच नाही.

मग आला हजारावा प्रयोग. व्यवस्थापनाने सोहळा ठरवला, आणि सोहळ्यात एका अभ्यासकाचं व्याख्यान. 'नावाडीण: चार देह, एक अवकाश'. हा माणूस अभ्यासक आहे हे त्याच्या गळ्यातल्या मफलरवरून ओळखायचं. त्याचं पुस्तकही येणार होतं. मॅनेजर त्याला घेऊन कपडेपटात उतरला.

"मावशी, हे साहेब चौघींची तुलना करतायत. त्यांना झगा दाखवा."

अभ्यासकाने झगा दोन बोटांत धरला, ओली मांजर धरावी तसा.

"यात एक इतिहास श्वास घेतोय," तो म्हणाला.

"श्वास घेतोय म्हणूनच दर आठवड्याला शिवावा लागतो," मावशी म्हणाली. मग तिने सहज विचारलं, "साहेब, पहिलीचं तिसऱ्या अंकातलं गाणं तुम्हाला कसं वाटायचं?"

"प्रामाणिक. पण जड. श्वास अपुरा पडायचा. कच्चेपणा होता हो, त्या काळातल्या सगळ्यांतच होता."

"आणि तिसरीचं?"

"तिसरीचं?" त्याने डोळे मिटले. "चमत्कार. नऊ मिनिटांत श्वासाचं एक संपूर्ण व्याकरण. पहिलीला जे जन्मभर जमलं नाही ते तिने लीलया केलं. मी या एका गाण्यावर अख्खं प्रकरण लिहिलंय."

मावशीने मॅनेजरकडे पाहिलं. मॅनेजर खिडकीतून रस्त्यावरचे पाय बघत होता.

एक बाई स्वतःपेक्षा वाईट गाते, हा शोध लावायला केवढा अभ्यास लागत असेल, विचार करा. आपल्यासारख्या अडाण्यांना जमायचं नाही ते.

इथवर मावशीने गिळलं. पण अभ्यासक वर गेला आणि मॅनेजर मागे थांबला. म्हणाला, सोहळ्याला हा झगा काचेच्या पेटीत ठेवायचाय, प्रवेशद्वाराशी. चारही बाजूंनी काच. आतल्या पुतळ्याचं माप तिसरीच्या त्या प्रसिद्ध फोटोवरून घेतलंय. झगा त्या मापाचा करून द्या, आणि शिवणीतलं जादा कापड कापून टाका, मागून फुगवटा दिसतो.

"कोणत्या फोटोवरून म्हणालात?"

"तोच. पोस्टरवरचा."

"साहेब, त्या फोटोत मागून अकरा टाचण्या होत्या. मीच लावल्या होत्या, तुम्हीच लावायला सांगितल्या होत्या. तिने श्वास रोखून धरला तेवढ्यात फोटो काढला. त्या मापात तीसुद्धा मावत नव्हती."

"पुतळ्याला श्वास घ्यायचा नाहीये, मावशी."

"मी कात्री लावत नाही."

"नका लावू. शनिवारपर्यंत झालं नाही तर बाहेरून शिंपी बोलावतो. त्याला फक्त फोटो दाखवायचाय."

म्हणजे मावशीने कापलं नाही तर दुसरा कापणार. त्या चार बोटं कापडात चार बायकांची मापं होती. पहिली पोटातून गायची याचा, टेप सोडली तर, जगात तेवढाच पुरावा होता, आणि टेपवर तर आता तिसरीचं नाव लागलं होतं. शनिवारी ते कापड चिंध्यांच्या पोत्यात जाणार होतं.

घरी आल्यावर तिने ताट वाढलं ते आदळूनच. सुतारबुवा निवृत्त आहेत, कानांनी जरा कमी, पण ताटाचा आवाज त्यांना बरोबर कळतो.

"अगं, काय झालं?"

"झगा कापायचाय म्हणे."

"मग कापू नकोस."

"दुसरा कापेल."

सुतारबुवांनी घास चावून संपवला. "नाव मी ओढायचो. पहिली बसली की डावीकडे झुकायची. दुसरीच्या वेळी हलायचीच नाही. तिसरी बसली की रिकामी ओढल्यासारखी यायची. मला विचारलं असतं त्या मफलरवाल्याने, तर दोन मिनिटांत सांगितलं असतं."

"काय सांगितलं असतं?"

"वजन."

"तुमच्या वजनाला कोण विचारतंय इथे."

"ते पण खरंच," म्हणत त्यांनी भाकरी मागितली. संसारात एवढा आधार पुष्कळ झाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मावशी पहिलीकडे गेली. पहिली एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहते, गुडघे गेलेत, जिना उतरत नाही सहसा. बटाटे सोलत बसली होती. मावशीने टेपचं, प्रकरणाचं, कात्रीचं, सगळं एका दमात सांगून टाकलं. चौदा वर्षं पोटात ठेवलेलं.

पहिलीचं सोलाणं थांबलं.

"म्हणजे मी इथे भाजी चिरत होते तेव्हा तिथे टाळ्या घेत होते?"

"होय ताई."

"आणि तो म्हणतो, मी माझ्यापेक्षा वाईट गायले?"

"श्वास अपुरा, म्हणाला."

पहिली हसायला लागली. इतकी हसली की बटाटा मांडीवरून घरंगळून पलंगाखाली गेला. मग डोळे पुसून मावशीकडे वळली. "मला आधी का नाही सांगितलंस गं टाचणे?"

"तिने शपथ घातली होती. आणि तुम्ही भांडायला आला असतात."

"आले असते. गुडघे होते तेव्हा." तिने पुढचा बटाटा घेतला. "त्या पोरीला चारचौघांत उघडं पाडू नकोस. वल्हवायची बघ ती. माझ्या हातात ते झाडूच दिसायचं, मला माहीत आहे. पण कापड कापू देऊ नकोस. आवाज गेला माझा, निदान माप तरी राहू दे."

मावशी उठली. दारात म्हणाली, "सोहळ्याला या. जिना मी उतरवते."

शुक्रवारी दिवसभर कपडेपटाचं दार आतून बंद होतं. शनिवारी सकाळी मॅनेजरने पेटीत बघितलं. पुतळ्यावर झगा, समोरून अगदी फोटोतल्यासारखा, एक सुरकुती नाही. पेटीमागे सोहळ्याचा मोठा कापडी फलक टांगला होता, तिकडून कोणी वाकून बघणार नव्हतं. "बघा मावशी, जमलं की नाही," तो म्हणाला. शिंप्याला त्याने येऊ नको म्हणून कळवलं.

रविवारी सकाळी अकराला सोहळा. तिसरी पहिल्या रांगेत, फुलांच्या गुच्छासह. पहिली सातव्या रांगेत, खांबाआड, शेजारी चौथी. पहिलीला मावशीने आणि सुतारबुवांनी मिळून खुर्चीवर बसवून जिना उतरवला होता. अभ्यासक दीड तास बोलला. दुसरीबद्दल त्याने दोनच वाक्यं सांगितली, आणि चौथीला 'घरगुती' म्हणाला. दोन लेकरं घरी ठेवून आलेल्या बाईला घरगुती. मग म्हणाला, आता शब्द थांबवतो, ऐका, आणि त्याने तिसरीचं म्हणून ते नऊ मिनिटांचं गाणं लावलं.

सातव्या रांगेत पहिली डोळे मिटून बसली होती. गाण्यात जिथे जिथे श्वास घेतला जात होता, तिथे तिथे तिचे खांदे वर जात होते. एकही चुकला नाही. चौथी आधी स्पीकरकडे बघत होती, मग त्या खांद्यांकडे बघायला लागली.

"ताई," ती कुजबुजली, "हा तर तुमचा…"

"गप बस. ऐकू दे मला." आणि थोड्या वेळाने, डोळे न उघडता, "बरी गात होते गं मी."

गाणं संपलं तेव्हा लोक तिसरीकडे बघून उभे राहून टाळ्या वाजवत होते. तिसरी बसूनच राहिली. बिचारीला दुसरं काय करता येणार होतं.

मग प्रवेशद्वाराशी पेटीवरचं कापड काढलं. समोरून झगा, फोटोच जणू. कौतुक झालं, चहा सुरू झाला. मग गर्दीत कोणाचा तरी धक्का लागून फलक खाली आला, आणि तिसरी कप घेऊन पेटीच्या मागे गेली.

मागे मावशीने पाठ उघडी ठेवली होती. सगळ्या शिवणी उसवून, चार बोटं माया दोन्ही बाजूंना पुस्तकासारखी उलगडून टाचलेली. चार रंगांचे चार धावदोरे शेजारी शेजारी, आणि प्रत्येकाखाली कापडाची एक पट्टी, मावशीच्या वळणदार अक्षरात.

लाल: पहिली. नऊ वर्षं. डाव्या खांद्याखाली दर आठवड्याला उसवली. तिसरा अंक.

निळा: दुसरी. पाच वर्षं. पाठ शाबूत. गळ्याचे अठरा हूक.

पांढरा: तिसरी. अकरा वर्षं. एकदाही नाही.

हिरवा: चौथी. तीन वर्षं. मागच्याच आठवड्यात उसवली. तिसरा अंक.

बस, एवढंच. टेपबद्दल अक्षर नाही. पहिलीचा शब्द तिने पाळला होता.

तिसरीने ते वाचलं, परत वाचलं. मग मावशीला बाजूला घेतलं.

"मावशी, माझी पण दोन-चार ठिकाणी उसवून ठेवायची होती ना. कोणाला काय कळलं असतं?"

"उसवते की," मावशी म्हणाली. "आधी गा."

तिसरी लाल झाली. पण गेली नाही. खाली मान घालून म्हणाली, "पहिल्या ताई आल्यात का?" मावशीने सभागृहातल्या खांबाकडे बोट दाखवलं. त्या दोघींत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. मला एवढंच दिसलं की फुलांचा गुच्छ जाताना पहिल्या रांगेतून गेला आणि सातव्या रांगेतच राहिला.

तेवढ्यात अभ्यासक मागे आला. मफलर सावरून त्याने चारही पट्ट्या नीट वाचल्या. म्हटलं, आता तरी याच्या डोक्यात उजेड पडेल.

"अद्भुत," तो म्हणाला. "पांढरी शिवण एकदाही उसवली नाही. म्हणजे बघा, किती सहज गात होत्या त्या. पहिलीला बिचारीला केवढे कष्ट पडायचे. हे मी दुसऱ्या आवृत्तीत घालणार."

मावशीने तोंडात टाचण्या घातल्या. एक, दोन, सात. मला वाटतं त्या दिवशी त्या टाचण्यांनीच त्याचा जीव वाचवला.

सोमवारी मॅनेजरने मागची बाजू पाहिली. तिसरीकडे तक्रार करायला गेला, की या बाईने तुमचा अपमान केलाय, कापून नीट करून घेऊ का. तिसरी म्हणाली, हात लावलात तर पुढच्या सोहळ्याला मी येणार नाही. तेव्हा त्याने कात्रीचं नाव सोडलं आणि मॅनेजर लोकांना सुचतं ते केलं. पेटी ढकलून भिंतीला लावली. पाठ भिंतीकडे. समोर पितळेची पाटी, 'अविस्मरणीय नावाडीण', आणि त्यावर तिसरीचंच नाव. पुस्तक निघालं, श्वासाच्या प्रकरणासकट. त्याला पारितोषिकही मिळालं.

चौथीला मावशीने नवा झगा शिवलाय. तोही गडद निळा, आणि आत चार बोटं माया. काच आता पहिलीपासूनच्या सगळ्या शिवणी सांभाळते आणि दाखवत एकही नाही.

म्हणून तुम्हाला एक काम सांगते. त्या नाट्यगृहात जाल तेव्हा पेटीसमोर फोटो काढून निघून येऊ नका. दारावरच्या माणसाला म्हणा, पेटी हातभर पुढे ओढा, आम्हाला पाठ बघायचीय. तो म्हणेल, तसा नियम नाही. तुम्ही जागचे हलू नका. मागे रांग लागू द्या.